चुलीमागचा पट्टा

लिंपणवालीचा हात एकदा भिंतीवरून फिरला की ती भिंत कशी तान्ह्या पोराच्या गालासारखी दिसायची, बरं का. गावात एक घर सापडायचं नाही जिथं तिची बोटं उमटली नाहीत. माती चाळायची, भुसा घालायचा, पाणी सोडायचं आणि मग पायांनी तुडव तुडव तुडवायचं. तोंडाचा पट्टा सोबत चालूच. नवरा लवकर गेला तिचा. त्याच्यावरूनही म्हणायची, "गावातलं सगळं वाकडं मी सरळ केलं, तो तेवढा करायचा राहिला, आणि निसटला." लोक हसायचे, तीही हसायची.

एक लेक होती. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. आई लिंपायला निघाली की ही मागं. आई वरची भिंत करणार, ही खालची. जिथवर हात पोचेल तिथवर हिचं राज्य. मातीच्या वळ्या करून भिंतीवर चिकटवायची, नक्षी काढायची. घरी चुलीमागच्या भिंतीवर तिनं खाली एक अख्खा पट्टाच केला होता. उलट्या पानांचं झाड, जिना नसलेलं माडीचं घर आणि पाच पायांची बकरी.

"पाचवा पाय कशाला गं?" आईनं विचारलं.

"एक दमला की बदली करायला."

असली पोर. तापानं गेली. आज ताप आला, उद्या उतरेल, असं म्हणता म्हणता गेली.

त्यानंतर लिंपणवाली दर वर्षी घर लिंपायची, पण तो पट्टा सोडून. वरून हात खाली यायचा आणि तिथं थांबायचा. धुरानं पट्टा काळा पडला, झाडाला भेग गेली, बकरीचं एक शिंग गळालं. ही ओलं फडकंसुद्धा लावायची नाही. आणि पोरीचं नाव कुणी काढायचं नाही. असं ठरवलं कुणी नव्हतं, पण तिच्यासमोर कुणाची जीभच उचलायची नाही.

पुढं दिराचं लग्न झालं, फार उशिरा. जाऊ घरात आली ती वयानं लेकीसारखी. कामाला वाघीण, पण बोलायला भित्री. लिंपणवालीनं तिला लिंपण शिकवलं. मळलेली माती हाताला किती लागू द्यायची, भिंतीला किती. पहिला थर ओला असतानाच बोटं कशी फिरवायची. आणि जुनी माती कधी टाकायची नाही. खरवडली की भिजवायची, नव्यात तुडवायची, ती नवीला धरून ठेवते. सगळं शिकवलं. तो पट्टा का सोडते, तेवढं सांगितलं नाही.

मग एकदा गावात एक बाई आली. शहरात लोकांची घरं सजवून द्यायचा तिचा धंदा. शहरातल्या माणसांना आता गुळगुळीत भिंतींचा कंटाळा आलाय, म्हणून ही गावोगाव फिरून बघायची. कुणाचा कोनाडा, कुणाच्या दाराची कडी, कुणी दोरी कशी विणलीय. सगळ्याचे फोटो. गल्लीतली म्हातारी तिला म्हणाली, "अगं, मी पण जुनी आहे, माझाही काढ." तिनं काढला.

लिंपणवालीच्या घरात आली आणि चुलीपाशी फतकल मारूनच बसली.

"मावशी, हे कुणी केलं?"

"लेकीनं."

"कुठंय ती?"

लिंपणवालीनं नुसती मान हलवली. बाईनं फोन खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "फोटो काढू का? नको तर नको."

"काढा. भिंत काय बोलायची आहे!"

जाताना बाई सांगून गेली, ज्यांचं घर सजवतेय त्या नवराबायकोला घेऊन परत येते, त्यांनी हे डोळ्यांनी बघायला हवं. जाऊ तेव्हा पाण्याला गेली होती. आल्यावर तिला कळलं ते एवढंच, की शहरातली माणसं भिंत बघायला येणार.

ती यायच्या आदल्या दिवशी लिंपणवाली दुसऱ्या आळीत कामाला गेली. इकडं जावेच्या जिवाला चैन पडेना. भिंत बघायला माणसं येणार आणि चुलीमागं हे काळंकुट्ट! तिच्या मनात कायमचं एकच बसलेलं, की ताईंचे गुडघे गेलेत, खाली वाकवत नाही, म्हणून तेवढं राहतं. आणि ताई मानी, सांगायच्या नाहीत. मग आपणच करून टाकावं. तिनं खुरपं घेतलं, पट्टा खरवडला, निघालेली माती शिकवल्याप्रमाणं भिजवली, नव्यात घालून तुडवली, आणि असा हात फिरवला की लिंपणवालीनंही नाव ठेवू नये.

लिंपणवाली घरी आली. चुलीसमोर उभी राहिली.

"बघा ना ताई," जाऊ मागून म्हणाली, "आता तुम्हाला वाकायला नको."

"निघालेली माती कुठंय?"

"ती काय, हिच्यातच. टाकीन होय मी!"

लिंपणवालीनं ओल्या भिंतीवर तळवा टेकला. तिथंच होती ती माती सगळी, कणभर बाहेर गेली नव्हती. पण झाड नाही, घर नाही. तिनं तळवा काढला, उमटलेली खूण अंगठ्यानं पुसली. "चांगलं केलंस," एवढं बोलून ती अंगणात गेली आणि हात धुत बसली. धुतलेलेच हात पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सजवणारी बाई त्या नवराबायकोला घेऊन आली. दारातूनच सांगत आली, "आता बघाच ती बकरी," आणि चुलीपाशी येऊन वाकली.

"मावशी... ते कुठं गेलं?"

"मी स्वच्छ केलं ना," जाऊ कौतुकानं म्हणाली. "फार घाण झालं होतं."

"अहो, ते त्यांच्या मुलीनं केलेलं होतं!"

जावेनं लिंपणवालीकडं बघितलं. लिंपणवालीनं खाली. जावेनं आपले हात पदरात घेतले.

बाईकडं फोटो होता. तिनं अदबीनं विचारलं, मावशी, तुम्हीच येऊन शहरातल्या घरात हे कराल का? लिंपणवाली लगेच हो म्हणाली. मनात तिच्या वेगळंच. फोटो समोर ठेवून हाताला एकदा वळण लागलं, की घरी येऊन तोच पट्टा पुन्हा उठवायचा. जावेला माती तुडवायला बरोबर घेतलं. दोघींत तेव्हा कामापुरतंच बोलणं.

शहरातलं ते घर म्हणजे पाय ठेवायची भीती वाटावी असं. बाईनं फोटो मोठा करून भिंतीला लावून दिला. लिंपणवालीनं मातीची वळी केली, बकरी काढली. बाई टाळ्या वाजवायच्या बेतात. "किती सुंदर, मावशी!"

सुंदर होती, तेच तर! पाचही पाय अगदी नीट, मान डौलदार. लिंपणवालीनं ती पुसली. मग गुडघ्यांवर बसली, पोरीच्या उंचीवर आली. पुन्हा काढली. पुसली. डावा हात लावला. डोळे मिटून बघितलं. आता बकरी वाकडी आली, पण मुद्दाम बोबडं बोलणाऱ्या थोराड माणसासारखी. जाऊ कोपऱ्यात माती धरून उभी.

"नाही येत," लिंपणवाली म्हणाली. "हा हात माझाच आहे. कितीही दामटला तरी माझाच."

मग तिनं फोटो काढून बाईच्या हातात दिला आणि आपली नेहमीची नक्षी घातली, बोटांचे पंखे, वरपासून खालपर्यंत. घरातली मंडळी खूश झाली. ही परत आली.

घरी जाऊ चुलीकडं फिरकेना. अंगणात तीन दगड मांडून तिथंच रांधायला लागली. लिंपणवालीनं दोनचार दिवस बघितलं, मग एका दुपारी दारातून हाक मारली.

"आत ये गं. बस इथं."

"ताई, मला मारा हवं तर."

"मारून काय भिंत बोलणार आहे? मी सांगितलं असतं तर तू खुरपं लावलं असतंस का? बस. भिंगरी म्हणायचे तिला."

किती वर्षांनी ते नाव त्या घरात निघालं. मग थांबेना. झाड कुठं होतं, घर कुठं होतं, बोटानं दाखवत दाखवत सांगत राहिली. पाचव्या पायाचं सांगितलं तेव्हा जाऊ हसली आणि हसता हसताच रडायला लागली. लिंपणवालीनं रडू दिलं.

डोळे पुसून जावेनं विचारलं, "ताई, आवाज कसा होता हो तिचा?"

लिंपणवालीनं सांगायला तोंड उघडलं. तसंच राहिलं उघडं. भिंतीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, जावेच्या तोंडाकडं बघितलं.

"घोगरा," शेवटी म्हणाली. "घोगराच असावा."