एकच अर्ज, तोही सुईणीचा

‘अर्ज करायला काय जातंय?’ हे बाबांचं त्या हिवाळ्यातलं पालुपद होतं. जेवताना, गाडीत, मी दात घासत असले तर बाथरूमच्या दाराबाहेरून. मला विचाराल तर मराठीतलं हे सगळ्यात लबाड वाक्य आहे. काही जात नाही म्हणता म्हणता माणसाकडचं सगळं काढून घेतं.

माझं शाळेचं शेवटून दुसरं वर्ष चालू होतं. जर्मनीत काही अभ्यासक्रम असे आहेत की निम्मा वेळ वर्गात जातो आणि निम्मा कामावर, पगारासकट. त्याला दुआलेस श्टुडियम म्हणतात आणि त्याच्या जागा वर्षभर आधीच भरायला लागतात. बाबांच्या डोक्यात बॉबलिंगेनमधली त्यांचीच सॉफ्टवेअर कंपनी होती. त्यांच्या टीममधल्या एका काकांनी तिथे माझ्यासाठी शब्द टाकला होता. घरून बसने जायचं, आईच्या हातचा डबा न्यायचा आणि शिकून झाल्यावर आयती खुर्ची. माझ्या डोक्यात ड्रेस्डेनचं एक हॉस्पिटल होतं. मला हेबामे व्हायचं होतं, म्हणजे बायकांची बाळंतपणं करायची होती. इथे आता तेही पदवीचं शिक्षण आहे, तसंच अर्धं वर्गात आणि अर्धं प्रसूतिकक्षात.

‘दोन्हीकडे कर ना,’ बाबा म्हणायचे. यातली मेख मला पक्की ठाऊक होती. कंपनीचं उत्तर लगेच येणार आणि होकारही लगेच द्यावा लागणार. हॉस्पिटलचं उत्तर त्याच्या कितीतरी नंतर. शिवाय काकांनी टाकलेल्या शब्दाला मागून नाही म्हणायची आमच्या घराची छाती नाही. म्हणजे बॉबलिंगेनला अर्ज गेला की ड्रेस्डेन संपलं. बाबांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. उगाच नाही ते प्रोजेक्ट मॅनेजर झाले.

मला सगळ्यात जास्त चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या घरात मी जर्मनमध्ये एक वाक्य बोलले तरी बाबा ‘मराठी, मराठी’ करून ओरडायचे. पण हेबामेचा विषय निघाला की त्यांचं मराठी कुठे गायब व्हायचं कोण जाणे. पुण्याला फोनवर ते सांगायचे, ‘मेडिकल साइडचं बघतेय.’ आई त्यांच्याही पुढे, ती म्हणायची, ‘मदर अँड चाइल्ड केअर.’ खरा शब्द दोघांनाही येत होता.

एका रविवारी ते काका आणि काकू जेवायला आले. क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड आणि पुऱ्या केल्या होत्या, त्यावरूनच मी ओळखलं की आज माझा निकाल लावायचा बेत आहे.

‘आल्झो, मग अर्ज टाकलास का गं?’ काकांनी विचारलं. ‘एचआरला बोलून ठेवलंय मी. मोंटागला, उद्याच, लास्ट डेट आहे.’

‘जरा कन्फ्यूज्ड आहे ती,’ बाबा घाईघाईने म्हणाले. ‘मेडिकल साइडचं पण काहीतरी चाललंय तिचं.’

‘अय्या, डॉक्टर होणार?’ काकू खूश झाल्या.

‘नाही काकू. सुईण.’

काकांच्या हातातला पुरीचा तुकडा हातातच राहिला. आईने टेबलाखालून मला पाय मारला.

‘अगं, सुईण काय म्हणतेस!’ काकू हसल्या. ‘शिकून सवरून!’

‘मग काय म्हणू? दुसरा मराठी शब्द असेल तर सांगा.’

काकांनी आणखी श्रीखंड मागितलं आणि मग हवेबद्दल बोलणं झालं.

पाहुणे गेल्यावर बाबा दारातच थांबले. ‘चार लोकांत नाक कापलंस माझं. लोकांच्या मुली कुठे चालल्यात, आणि तू एवढ्या लांब जाऊन सुईणपण करणार?’

राग आला की मला हमखास रडू येतं. त्या दिवशी आलं नाही. ‘बॉबलिंगेनला मी अर्ज करणार नाही,’ मी म्हटलं. ‘ड्रेस्डेनने नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी परत ड्रेस्डेनलाच करीन. काकांना सांगायचं नसेल तर मी सांगते.’

‘अहो,’ आई म्हणाली. ती ताटं उचलत होती. ‘धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर आपल्याकडे ती हेबामे यायची, आठवतं?’

‘त्याचं आता काय?’

‘मला जर्मन येत नव्हतं. तुम्ही लाजून बाल्कनीत जाऊन उभे राहायचात. माझे टाके दुखतायत, दूध येत नाहीये, सारखं रडू येतंय, हे त्या बाईला कोण सांगायचं? ही सांगायची. नऊ वर्षांची होती. तेव्हा नाही कापलं तुमचं नाक?’

मला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. त्या बाईने बाळाला झोळीत घालून भाजीवाल्यासारखं काट्याला टांगलं होतं आणि आकडा मला वाचायला दिला होता, एवढंच लक्षात होतं. आई तेव्हा रडत होती हे मी पार विसरले होते. ती मात्र विसरली नव्हती, आणि आज ते ती माझ्या बाजूने बोलत होती. मला इतकं बरं वाटलं की उगाचच तिच्या हातातली ताटं मी ओढून घेतली.

बाबा सोफ्यावर बसले. ‘उद्या ऑफिसात त्याला काय सांगू?’

‘सांगा, मुलगी सुईण होणार आहे,’ आई म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘या,’ ते म्हणाले.

इतकी वर्षं इथे काढून बाबांच्या ‘हो’चं केव्हाच जर्मन ‘या’ झालंय. तेव्हा ते ‘बरं’ म्हणाले की पाहुण्यांना निरोप देताना म्हणतात तसं ‘या आता’, म्हणजे चालती हो, म्हणाले, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. दोन्ही अर्थांनी माझं काम होत होतं. मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासमोर बसून अर्ज पाठवला, ड्रेस्डेनला, एकच.