नाण्यावर न मावलेल्या बाई

हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या ज्या शिवणवर्गात माझी आई शिवण शिकली, त्याचा सुवर्णमहोत्सव होता. वर्ग सुरू करणाऱ्या बाई आता फार थकल्या आहेत. त्यांच्या सन्मानार्थ चांदीचं एक लहान नाणं काढायचं समितीनं ठरवलं आणि चित्र मी करावं, असं आईनं परस्पर कबूल करून टाकलं. माझं कामच ते आहे, खोक्यांवरची, वेष्टनांवरची चित्रं करण्याचं.

मी बाईंचा चेहरा एका बाजूनं काढला. सरळ नाक, मागे घट्ट अंबाडा, खाली वर्गाचं नाव. बाकी जागा मोकळी.

बरकतपुऱ्यात सचिवकाकांच्या घरी बैठक झाली. काका बाईंचे भाचे, सिकंदराबादला रेल्वेतून निवृत्त झालेले. माझ्या लॅपटॉपवर नाणं ताटाएवढं दिसत होतं.

"इतकी जागा खाली कशाला?" काका म्हणाले. "इमारत टाक ना."

मग शिलाई मशीन आलं. समई आली. ब्रीदवाक्य आलं. नाव मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीतही हवं, असं ठरलं. बाईंचा चेहरा सरकत सरकत कडेला गेला.

"काका, नाणं रुपयाएवढंच असणार आहे," मी म्हटलं. "मात्रा तुटतील. तेलुगू अक्षरांचे नुसते ठिपके होतील."

"दिसतंय की सगळं."

पुढच्या खेपेला मी चित्र नाण्याच्या खऱ्या मापात छापून नेलं. इमारतीच्या खिडक्यांचा कंगवा झाला होता आणि बाईंच्या डोळ्याच्या जागी डाग. काकांनी चष्मा लावला, कागद दूर धरला, जवळ धरला. मग मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून माझ्यापुढे धरला.

"हे बघ. नीट दिसतंय."

"नाणं असं मोठं करता येत नाही, काका."

"परेशान नको होऊस. ठसा बनवणारे करतात बरोबर."

घरी येऊन मी आईवर चिडले. ती म्हणाली, "त्यांच्या मनासारखं देऊन टाक, बाई खूश होतील." मी देऊन टाकलं.

समारंभात काकांनी पहिलं नाणं बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं चाचपलं.

"ही कोण?"

"तुम्हीच, आत्या," काका म्हणाले.

बाईंनी नाणं डोळ्यांजवळ नेलं. "कुणी काढलंय?"

काकांनी मला पुढे ओढलं. माझ्या आईचं नावही सांगितलं. बाई माझ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणाल्या, "हात बसेल हळूहळू."

आजूबाजूचे हसले. काकाही हसले. सगळ्यांसमोर मी काकांचं नाव कसं घेणार?

मला ते सहन होईना. दोन-चार दिवसांनी माझं पहिलं चित्र नाण्याच्याच मापात छापून मी बाईंच्या घरी गेले. खिडकीपाशी बसून त्यांनी कागद हातात घेतला आणि लगेच म्हणाल्या, "ही मी. नाक अगदी आमच्या आईसारखं आलंय."

"हेच आधी काढलं होतं. समितीला मोकळं मोकळं वाटलं."

"मला का नाही विचारलं कुणी?"

"तुम्हाला आनंदाचा धक्का द्यायचा होता."

बाईंनी कागद मांडीवर ठेवला. "अग, एवढ्याशा रुमालावर मी कधी एका फुलापेक्षा जास्त काढू दिलं नाही पोरींना," त्या चिडून म्हणाल्या. मग त्यांनी काकांना फोन लावायला सांगितलं. मी लावून दिला. त्या भाच्यावर खूप रागावल्या, आणि पलीकडून काका सारखं "हौ आत्या, हौ आत्या" म्हणत राहिले.

नाणी तोवर घरोघर पोचली होती.