शिवाने नाव घेतलं नाही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल रस्त्याकडेला दोन जुने पिकअप उभे होते. एकाने आपल्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून दुसऱ्याच्या हातात दिला. "घे, तुझी आधी घरी जाऊ दे." मला तिथून हलवेना.

आम्हा जुन्या पिकअपवाल्यांचीही हीच रीत होती. रविवारी जमून एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. बंद गाडीचा पार्ट घ्यायचा, पण मालकाला विचारून. आमच्यातले अण्णा गावाला गेले, तेव्हा मला त्यांच्या बंद गाडीचा कार्ब्युरेटर हवा होता, पण ते नाही म्हणतील या भीतीने मी विचारलंच नाही. "माझा जॅक राहिलाय," असं सांगून आमच्यातल्याच शिवाकडून, अण्णांनी त्याच्याकडे ठेवलेली त्यांच्या गेटची किल्ली घेतली आणि कार्ब्युरेटर काढून माझ्या गाडीला बसवला.

परत आल्यावर अण्णा सगळ्यांसमोर शिवावर भडकले. "किल्ली तुझ्या भरवशावर दिली, आणि तूच माझी गाडी सोलतोस?"

शिवाने माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "बाळ्या, तू तरी बोल की."

मी पान्यावरचं ग्रीस पुसत राहिलो. शिवा यायचा बंद झाला.

जुनी गाडी एकट्याच्या बळावर चालत नाही. दुसऱ्याचा हात तिच्यात असतोच, आणि त्या हातावर आपण डोळे मिटून विसंबतो. शिवा माझ्यावर विसंबला होता.

पुढे एकदा माफी मागायला त्याच्या दारात गाडी थांबवली. इंजिनचा आवाज ऐकून तो बाहेर आला. बॉनेट उघडून त्याने त्याच कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवला.

"आता नीट चालेल," म्हणाला आणि आत गेला.

"चुकलो रे, शिवा," हे माझ्या तोंडातच राहिलं.