कडक माल आधी

सांवेर रोडवरच्या आमच्या रबरी चटयांच्या कारखान्यात माल मिसळायला एक गृहस्थ होते. दोन प्रकारचं रबर मिसळायचं असे, एक चामड्यासारखं कडक, दुसरं काकवीसारखं पातळ. दोन्ही एकदम टाकली की पातळ वाहून जाई आणि कडकाच्या गाठी तशाच राहत. म्हणून ते आधी नुसतं कडक रबर मशीनच्या रुळांमध्ये मळत बसत. मी घाई केली की म्हणत, “पहले इसको नरम तो होने दो, भिया!” मी त्यांची वहिनी, पण मशीनपाशी सगळेच भिया, म्हणजे भाऊ.

एकदा ते रजेवर असताना गाठींचा माल गेला. ते कामावर परतले त्याच दिवशी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ऑर्डर तोडायलाच आलं. आमच्या ह्यांनी लगेच वीज, हवा, मजूर अशी कारणांची सरबत्ती सुरू केली. गिऱ्हाइकाचा चेहरा आणखी ताठ झाला.

तेवढ्यात हे गृहस्थ हात पुसत आत आले. “साहेब, मशीन आवाज करतंय, जरा बघता?” म्हणून ह्यांना बाहेर काढलं. मग गिऱ्हाइकासमोर पोहे ठेवून गप्प बसले. मधूनच “सेव घ्या,” एवढंच. दुसऱ्या प्लेटीला गिऱ्हाईक आपणहून म्हणालं, “चलो, दूसरा माल भेज दो.” तेव्हा कुठे त्यांनी ह्यांना हाक मारली, “आता या, साहेब. पण थोडं थोडं बोला.”

ऑर्डर वाचली. संध्याकाळी मी विचारलं, “गिऱ्हाईक कडक, साहेब पातळ. मग मी कोण?”

ते हात पुसत म्हणाले,

“वहिनी, सगळ्यांना मळतं ते मशीन तुम्ही.”