आमटीच्या डेगीला पाय लागला म्हणून

खानावळीच्या गिऱ्हाईकांनो, हितं चुलीपाशी राबणारी मी लिहितेय, दारावरचा हा कागद पुरता वाचा. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आज दुपारी पंगत बसलेली. आमचे मालक दोन्ही हातांत भाकरीची पाटी धरून वाढत होते. तेवढ्यात उकळत्या आमटीची डेग तिवईवरून कलंडायला लागली, थेट तलवाड्याच्या म्हाताऱ्या पाटलांच्या अंगावर. मालकांनी पाय पुढं घातला अन् डेग अडवली.

निजाम सरकारच्या पलटणीत मालक फुटबॉल खेळायचे. पैल्या टीममध्ये कुणी घेतलं न्हाई, दुसऱ्या टीममध्येच सगळी वर्षं गेली. पण पायाची सवय जाते व्हय?

पाटलांवर थेंब उडाला न्हाई. तरी तेच आधी उठले. "अन्नाला पाय लावतोस? ही खानावळ हाय का खेळायचं मैदान?"

"पाटील, चुकलं," मालक म्हणाले. कोण ऐकतंय! अख्खी पंगत उठून गेली.

आमटी मी ओतून दिली, डेग राखेनं घासली. मालकांचा पाय भाजून सोललाय. अन् म्हणतात, "खानावळ बंद करू. हैदराबादला जाऊन पुन्हा पलटणीत काम मागतो." त्या पायानं?

तवापासून मी चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतेय. एका जागी बसवत न्हाई.

पाटील, ती आमटी तुमी अंगावर घेतली असती का? अन् बाकीच्यांनो, उद्या जेवायला येणार का न्हाई, ते आजच सांगा. मालक पेटी भरायला बसलेत, अन् त्यांना थांबवायला माझ्याकडं तुमच्या होकाराबिगर दुसरं काही न्हाई.