धुक्यातला ‘हाय’

धाकट्या भावामागे त्याच्या फिल्म राहिल्या. त्यांना गोष्ट नसते. चित्रासारख्या त्या भिंतीवर चालू ठेवायच्या असतात. गॅलऱ्यांना आणि घेणाऱ्यांना त्या दाखवायचं, पोहोचवायचं काम आता मी करते. बोईसरला एका गाळ्यात काळे पडदे लावून खोली अंधारी केली आहे. दुकानातून टीव्ही येतो तो रंग भडक करूनच. टीव्हीतलं ते सगळं सेटिंग बंद करायला भावाने शिकवलं होतं, नाहीतर धुकंसुद्धा निळं दिसतं.

मागच्या हिवाळ्यात मुंबईहून एक बाई आल्या. दिवाणखान्यासाठी फिल्म हवी होती. मी तारापूरच्या खाडीची लावली. बराच वेळ नुसतं धुकं. चित्र इतकं स्वच्छ, की होडीच्या दोरीवरचा थेंब फुगताना दिसतो. मग लांबून एका कोळणीची अस्पष्ट हाक येते, आणि कॅमेऱ्यामागून भाऊ ओरडतो, “हाय, मावशे, हाय!” तिथे फिल्म संपते.

बाई जागच्या हलल्या नव्हत्या. “घेते मी. पण ताई, शेवटचा तो आक्रोश काढून टाका हं. घरी पाहुणे येतात. हाय हाय कशाला?”

आक्रोश? मला आधी कळेचना. बाकीच्या सगळ्या फिल्म मुक्या आहेत. भावाचा आवाज आहे तो एवढाच. पण तो काढला, तर भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा त्याचं काम कुणाच्या भिंतीवर लागणार होतं. मी मान डोलावणारच होते.

“तो रडत नाहीये,” शेवटी मी म्हटलं. “धुक्यात तो तिला दिसेना, म्हणून मावशी विचारतेय, हाय का रं पोरा? इकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात.”

“म्हणजे... आहे?”

“आहे.”

“अगंबाई! आणि मी मघापासून त्याला मारतेच आहे!” म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. भाऊ गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. मला मात्र हसू फुटलं, कितीतरी महिन्यांनी. मग त्याही हसल्या.

“परत लावा,” त्या म्हणाल्या. या वेळी धुकं संपत आलं तशा त्या कान देऊन पुढे वाकल्या.

फिल्म त्यांच्या घरी लागली त्या दिवशी मी फोन केला.

“धुकं पांढरंच दिसतंय ना?”

“पांढरंच.”

“आणि आवाज?”

“हाय,” त्या म्हणाल्या.