पडद्यावरची शेवटची नावं

इंजिनिअर झालेली मुलगी मुंग्यांचे पाय काढते, हे बाबांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणायचे आणि हवापाण्यावर यायचे. त्या दिवसांत खडकीच्या आमच्या क्वार्टर्समधून ज्याला त्याला हिंजवडीची बस पकडायची होती. समोरच्या ब्लॉकमधला मुलगा तर अमेरिकेला पोचलासुद्धा, आणि त्याची आई विरजण मागायला आली तरी तिकडची थंडी सांगून जायची. मी मात्र सॉफ्टवेअर कंपनीतली बरी नोकरी सोडून एरंडवण्यातल्या एका बंगल्यातल्या ॲनिमेशन स्टुडिओत परदेशी सिनेमाच्या मुंग्या चालवत बसले होते.

सिनेमा बोलणाऱ्या किड्यांचा. मुंग्यांचं एक कुटुंब लग्नाला निघतं आणि कुणाच्या तरी सुटकेसमधून चुकून विमानात बसतं, असला धमाल प्रकार. बोलणं, गाणी, विनोद सगळं तिकडे व्हायचं. आमच्याकडे यायचे पाय. मुंगी चालताना तीन पाय टेकते, तीन उचलते. ते नीट कळावं म्हणून मी घरी खिडकीत साखर टाकून भिंग घेऊन बसायचे. आई मागे मुंग्या मारायचा खडू घेऊन उभी. "तुझं झालं की सांग, मग मी रेघ ओढते," म्हणायची.

बाबा कारखान्यात तपासनीस होते. ज्या मालावर शिक्का नाही तो माल त्यांच्या लेखी नव्हताच. एकदा म्हणाले, "एवढं राबतेस, तुझं नाव तरी देणार आहेत का कुठे?" मी तोऱ्यात म्हटलं, "देणार! पडद्यावर!"

"पडद्यावर दिसलं तर मी पुन्हा नोकरीचा विषय काढणार नाही," बाबा म्हणाले. "नाही दिसलं, तर मात्र कंपनीत अर्ज करायचा." मीही कबूल केलं. दोघंही शब्दाचे पक्के, तिथेच तर पंचाईत!

सिनेमा पुण्यात लागला त्या रविवारी बाराच्या शोला आम्ही नऊ जण गेलो. काका-काकू, त्यांची पोरं, आत्या, सगळी वरात. आत्या दर पाच मिनिटांनी विचारायची, "यातली तुझी कुठली गं?"

"आत्या, सगळ्यांचे पाय माझे."

"अगं, पण चेहरा?"

"चेहरा दुसऱ्यांनी केलाय."

"मग काय उपयोग!"

मुंग्या लग्नाला पोचल्या, पोरं खिदळली, सिनेमा संपला. नावं सुरू झाली आणि धाडकन दिवे लागले, दारं उघडली, झाडूवाल्या बाई आत आल्या. निम्मी नावंही गेली नव्हती, तोवर पडदा पांढरा! मी वेड्यासारखी बघत राहिले. काकू म्हणाली, "जाऊ दे गं, आम्हाला माहितीये ना." ते तर फारच लागलं.

बाबा डोअरकीपरकडे गेले. "अहो, नावं पूर्ण का दाखवत नाही आपण?"

"पिच्चर संपला, साहेब. नावंच वाचायची असली तर घरी टेलिफोन डिरेक्टरी असेल ना?" मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा नरमला. "पब्लिक उठलं की ऑपरेटर बंद करतो. बसून राहिलं तर चालू ठेवतो. त्याचं काय जातंय?"

"बाबा, चला घरी," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि संतापही; त्या ऑपरेटरचा, माझ्या तोऱ्याचा. बाबांनी बाकीच्यांना रिक्षांत बसवून दिलं आणि तीनच्या शोची दोन तिकिटं काढून आणली.

अख्खा सिनेमा पुन्हा पाहिला. शेवट आला तसे बाबा उठले. मला वाटलं, कंटाळले बिचारे. तर हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात कुणाला खोटं सांगितलं नाही, तो रांगेरांगेत वाकून पोरांना सांगत सुटला, "उठू नका बरं का! शेवटी मुंग्यांचा अजून एक सीन आहे!" मी तोंडावर ओढणी घेतली. पण पोरं कसली सोडतात! उठलेल्या आईबापांना हाताला धरून त्यांनी खाली बसवलं. दिवे लागले खरे, पण नावं चालू राहिली.

इंग्रजीत, बारीक अक्षरांत भराभर वर सरकत होती. माझं आलं तसं मी बोट दाखवलं. बाबांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचायला घेतलं. आधी माझं नाव वाचलं, आणि पुढच्या शब्दाला अडखळले. तो शब्द म्हणजे त्यांचंच नाव होतं. आडनाव वाचायचं राहूनच गेलं.

"माझं कशाला घातलंस?"

"अहो, पूर्ण नाव विचारलं होतं त्यांनी. आपण लिहितो तसंच लिहिलं."

बाबांनी रुमालाने आधी चष्मा पुसला, मग डोळे. पडदा पांढरा झाला. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर गुडघे टेकून आमच्याकडे वळली. "आजोबा, सीन कुठंय?"

"झाला की आत्ताच," बाबा म्हणाले. "तू बघितला नाहीस?"